हरल्यानंतरची मॅच

टेनिसमध्ये हरलेला खेळाडू फार पटकन दिसेनासा होतो. नेटपाशी हात मिळवायचा, अंपायरच्या हाताला हात लावल्यासारखं करायचं, किटबॅग खांद्यावर टाकायची, जाताजाता दोन पोरांच्या भल्यामोठ्या पिवळ्या बॉलवर सही करायची आणि बोगद्यात शिरायचं. कॅमेरा तोवर जिंकणाऱ्याकडे वळलेला असतो. विम्बल्डनची सेमीफायनल हरलेले दोघं बहुतेक वेळा एकमेकांना दिसतही नाहीत. त्यांच्यात तिसरा कोण आणि चौथा कोण, हे कुणी विचारत नाही. दोघांना सारखेच पैसे, सारखेच पॉइंट्स, आणि पुढच्या आठवड्यात कुठल्यातरी तिसऱ्याच शहरात नवा ड्रॉ.

दर चार वर्षांनी ऑलिम्पिक मात्र या दोघांना सांगतं, थांबा. जाऊ नका. काल जे झालं ते झालं, पण अजून एक मॅच आहे.

मला ही मॅच फायनलपेक्षा जास्त आवडते. हे ऐकून मित्र हसतात. ‘तिसऱ्या नंबरची मॅच कोण बघतं रे?’ असा त्यांचा सूर असतो. कॉमेंट्रीवालेही तिला मनातून कमीच लेखतात. बोलताना आवाज अर्धा खाली असतो, मध्येमध्ये ‘संध्याकाळी फायनल आहेच’ अशी आठवण करून दिली जाते, आणि कुणी हुकलेला शॉट मारला की ‘काल रात्रीचं दुःख अजून ओसरलेलं नाही’ हे ठरलेलं वाक्य येतं. ओसरलेलं नसतंच. पण मॅच बघण्याचं कारणही नेमकं तेच आहे. इतर कुठल्याही मॅचमध्ये खेळाडू काहीतरी होण्यासाठी कोर्टावर येतो. इथे तो एक गोष्ट न होण्याचं नक्की झाल्यावर येतो. चॅम्पियन तो आता होणार नसतो. त्याच्यासमोर उभ्या असलेल्या माणसाचंही तेच झालेलं असतं. मग हे दोघं आता कशासाठी पळणार आहेत?

वर पैशाचं म्हणाल तर ऑलिम्पिकच्या टेनिसला बक्षिसाची रक्कम नाही. २०१६च्या रिओपासून रँकिंग पॉइंट्सही नाहीत. म्हणजे जिंकला तर ब्राँझ, हरला तर अक्षरशः शून्य. ग्रँड स्लॅमच्या सेमीफायनलपर्यंत गेलेल्याला वर्षभर पुरेल एवढं मिळतं. ऑलिम्पिकच्या सेमीफायनलपर्यंत जाऊन दोनदा हरलेल्याला विमानाचं तिकीट मिळतं.

हॉकीवाल्यांना हे नवीन नाही. आपल्याकडे ब्राँझची मॅच म्हटलं की लोकांना २०२१मध्ये जर्मनीला ५-४ हरवणारी टीम आठवते, किंवा त्याच टोकियोत ब्रिटनकडून ४-३ हरून मैदानावर रडत बसलेल्या आपल्या मुली. पण टीममध्ये दुःख वाटून घेता येतं. बॉक्सिंगमध्ये सेमीफायनल हरलेल्या दोघांनाही ब्राँझ मिळतं. विजेंदर, मेरी कोम, लव्हलिना यांना पुन्हा रिंगमध्ये उतरावं लागलं नाही. कुस्तीत रेपचाज असतो, दोन-दोन ब्राँझ असतात. टेनिसच्या एकेरीत मात्र एक माणूस, एक मेडल, आणि रात्रभर विचार करायला भरपूर वेळ.

१.

हे नेहमीच असं नव्हतं. १९२४च्या पॅरिसनंतर टेनिस ऑलिम्पिकमधून बाहेर गेलं आणि मेडलचा खेळ म्हणून परत आलं ते थेट १९८८च्या सोलमध्ये. तेव्हा आणि १९९२च्या बार्सिलोनामध्ये सेमीफायनल हरलेल्या दोघांनाही ब्राँझ देऊन टाकायची पद्धत होती. सोलमध्ये स्टीफन एडबर्ग आणि ब्रॅड गिल्बर्ट यांना असं बसल्या जागी ब्राँझ मिळालं. १९९६च्या अटलांटामध्ये नियम बदलला. आता दोघांनी खेळून ठरवायचं.

आणि नियम बदलल्यावर पुरुष एकेरीच्या त्या पहिल्याच ब्राँझ मॅचमध्ये कोण होतं? भारताचा लिअँडर पेस आणि ब्राझीलचा फर्नांडो मेलिजेनी. तारीख ३ ऑगस्ट. पेस १२६व्या क्रमांकाचा, वाइल्ड कार्डवर आलेला. मेलिजेनीलाही कुणी मेडलच्या यादीत धरलं नव्हतं. पेस सेमीफायनलमध्ये आंद्रे आगासीकडून ७-६, ६-३ असा हरला होता. (आगासीचा तेव्हाचा कोच होता तोच ब्रॅड गिल्बर्ट, बसल्या जागी ब्राँझवाला.) मेलिजेनी स्पेनच्या सर्जी ब्रुगेराकडून हरून आला होता. नियम जुनाच असता, तर दोघंही रॅकेट न उचलता मेडल घेऊन घरी गेले असते.

पेसनं पहिला सेट ३-६ गमावला, नंतरचे दोन ६-२, ६-४ असे जिंकले. १९५२च्या हेलसिंकीत कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ जिंकलं, त्यानंतर ४४ वर्षांनी भारताला वैयक्तिक मेडल मिळालं. खेळ कुठलाही धरला तरी १९८०च्या हॉकी गोल्डनंतर आपण रिकाम्या हातानं येत होतो. त्यामुळे पुढे जे झालं ते साहजिक होतं. या मॅचची लगेच गोष्ट बनली आणि गोष्ट बनल्यावर मॅच कुणी बघेना.

ती गोष्ट तुम्हालाही पाठ असेल. पेसचं मनगट दुखावलेलं होतं, त्याला पट्टा होता. पण तिरंगा दिसला आणि त्याच्या अंगात आलं. तीस वर्षं आपण हेच वाक्य वापरतोय. डेव्हिस कपमध्ये १९९५ साली दिल्लीत त्यानं गोरान इव्हानिसेविचला दोन सेट पिछाडीवरून हरवलं, तेव्हाही तिरंगाच. मला हे स्पष्टीकरण चिडवतं. एक तर त्यात मेलिजेनीचा अपमान आहे. ब्राझीलला काय झेंडा नसतो? आणि दुसरं, त्यात पेसच्या टेनिसचा त्याहून मोठा अपमान आहे. अंगात येणाऱ्या माणसाला व्हॉली शिकावी लागत नाही.

पेसचा खेळ एकेरीसाठी अर्धवट होता, हे खरंच आहे. बेसलाइनवर उभं राहून वीस-वीस शॉट्सची रॅली त्याला झेपायची नाही. त्याच्याकडे होती नेटजवळची जागा ओळखणारी नजर, आणि त्या काळात जगात फार थोड्यांकडे होते असे हात. मेलिजेनी डावखुरा, मातीच्या कोर्टवर वाढलेला, मागून खेळणारा. तीन वर्षांनी तो फ्रेंच ओपनच्या सेमीफायनलपर्यंत गेला, यावरून त्याची जात कळते. अटलांटाचं कोर्ट हार्ड होतं. तिथे पेसला एकच काम होतं, पॉइंट लवकर संपवायचा. स्लाइस मारा, पुढे या, समोरच्याला पासिंग शॉट मारायला लावा.

आता हीच मॅच ‘हरल्यानंतरची मॅच’ म्हणून बघा. मागून खेळणाऱ्याला धीर लागतो, आणि धीर ही गोष्ट सेमीफायनल हरल्यावर सगळ्यात आधी संपते. प्रत्येक पॉइंटला पुन्हा बांधकाम करायचं, पुन्हा बारा विटा रचायच्या, तेही काल अख्खी भिंत पडलेली असताना. पेसच्या खेळाला तेवढा मूड लागतच नव्हता. त्याचा पॉइंट चार शॉट्समध्ये संपायचा, इकडे किंवा तिकडे. दुःख करायला मध्ये वेळच नाही. माझ्या मते ती मॅच तिथे फिरली. झेंड्याचा भाग असेलही, नसेल असं कोण म्हणेल. पण झेंड्याला स्लाइस मारता येत नाही.

आणखी एक गोष्ट मला या मेडलबद्दल फार आवडते आणि ती कुणी फारशी सांगत नाही. लिअँडरचे वडील वेस पेस, मूळचे गोव्याचे, १९७२च्या म्युनिकमध्ये ब्राँझ जिंकणाऱ्या हॉकी टीममध्ये होते. ती टीम सेमीफायनल पाकिस्तानकडून हरली होती आणि नंतर नेदरलँड्सला २-१ हरवून तिसरी आली. म्हणजे एका घरात दोन ऑलिम्पिक मेडल्स, आणि दोन्ही हरल्यानंतरच्या मॅचमधली.

मेलिजेनीचं काय झालं? आपल्याकडे तो पेसच्या गोष्टीतला ‘तो ब्राझीलचा’ म्हणून शिल्लक आहे. ब्राझीलमध्ये मात्र त्याचा चौथा नंबर पुढची २५ वर्षं त्यांच्या ऑलिम्पिक टेनिसमधली सगळ्यात चांगली कामगिरी होती. गुस्ताव्हो कुएर्टेनसारखा माणूस त्या देशात होऊन गेला, तरी मेडल नाही. मेलिजेनीनं मात्र आपल्यापुरता हिशेब वेगळ्या ठिकाणी मिटवला. २००३च्या पॅन अमेरिकन स्पर्धेची फायनल त्यानं चिलीच्या मार्सेलो रिओसविरुद्ध तीन सेट्समध्ये, मॅच पॉइंट्स वाचवून जिंकली आणि तिथेच रॅकेट ठेवून दिली. काही वर्षांपूर्वी जगात नंबर एकवर असलेल्या माणसाला हरवून, गोल्डवर निवृत्त.

ब्राझीलला टेनिसचं पहिलं ऑलिम्पिक मेडल मिळालं ते २०२१च्या टोकियोत. लॉरा पिगोसी आणि लुइसा स्टेफानी यांना प्रवेशच अगदी ऐनवेळी मिळाला होता. महिला दुहेरीच्या ब्राँझ मॅचमध्ये समोर रशियाच्या वेस्निना आणि कुडेरमेटोव्हा. सुपर टायब्रेकमध्ये या दोघी ५-९ मागे. चार मॅच पॉइंट्स. आणि ११-९ जिंकल्या. सलग सहा पॉइंट्स. ज्यांना मेडल मॅच म्हणजे काय हे कळायला वेळ नाही त्यांनी हे सहा पॉइंट्स बघावेत, पाच मिनिटांत काम होईल.

२.

ब्राँझच्या मॅचमध्ये खेळाडू अंग राखून खेळतात, हा दुसरा गैरसमज. २००४च्या अथेन्समध्ये पुरुषांच्या एकेरीची ब्राँझ मॅच शेवटच्या सेटमध्ये १६-१४ अशी संपली. पुरुषांच्या दुहेरीची ब्राँझ मॅचसुद्धा शेवटच्या सेटमध्ये १६-१४ अशीच संपली. तुम्ही दोनदा वाचलं नसेल तर वाचा. एकाच ऑलिम्पिकमध्ये दोन तिसऱ्या नंबरच्या मॅचेस, आणि दोन्हींचा शेवटचा सेट तीस गेम्सचा.

दुहेरीतल्या त्या मॅचमध्ये आपण होतो. पेस आणि महेश भूपती. दोघं एव्हाना नेहमीचे पार्टनर राहिले नव्हते, देशासाठी एकत्र यायचे. या स्पर्धेत त्यांनी रॉडिक आणि फेडरर दोघांच्याही जोड्यांना घरी पाठवलं, आणि मग सेमीफायनलमध्ये जर्मनीच्या किफर-शुटलरपुढे अगदीच गुडघे टेकले, २-६, ३-६. ब्राँझसाठी समोर क्रोएशियाचे आन्चिच आणि ल्युबिचिच. ६-७, ६-४, १४-१६. जवळपास चार तास.

या पराभवाची आपल्याकडे गोष्ट झाली नाही. अटलांटाच्या ब्राँझवर शाळेत निबंध आले. अथेन्सवर दोन ओळी. माझ्यापुरतं म्हणायचं तर पेस-भूपती यांच्यावर कुणाला खरंच लिहायचं असेल, तर त्यानं विम्बल्डनच्या ट्रॉफीपासून नाही, या १४-१६पासून सुरुवात करावी. एकमेकांशी न पटणारी दोन माणसं, आदल्या मॅचमध्ये धुलाई झालेली, चार तास एकमेकांच्या पाठीमागची जागा सांभाळतायत. दुहेरीत तुम्ही पुढे नेटवर असता तेव्हा मागचा माणूस दिसत नाही. तो तिथे असणार यावर विश्वास ठेवावा लागतो. बातम्यांत त्यांचं भांडण भरपूर छापून आलं. तो विश्वास छापून यायची सोय नव्हती.

एकेरीतली १६-१४ जिंकली चिलीच्या फर्नांडो गोन्झालेझनं, अमेरिकेच्या टेलर डेंटविरुद्ध. आणि त्याच दिवशी तो निकोलास मासूबरोबर दुहेरीच्या फायनलला उतरला. पाच सेट, चार मॅच पॉइंट्स वाचवले, मध्यरात्र उलटून गेल्यावर जिंकले. चिलीच्या इतिहासातलं पहिलं ऑलिम्पिक गोल्ड. अंग राखून खेळतात म्हणे.

आता असं होणार नाही. एकेरीत शेवटच्या सेटलाही टायब्रेक आहे आणि दुहेरीत तर तिसरा सेटच नाही, थेट दहा पॉइंट्सचा सुपर टायब्रेक. वेळापत्रकवाल्यांची अडचण समजते. पण १६-१४मध्ये जो एक वेडसरपणा होता, दोघांनाही माहीत आहे की जिंकून तिसरेच येणार आहोत आणि तरी कुणी सोडत नाहीये, तो आता नियमानंच बंद आहे.

(रिओतल्या सानिया-बोपण्णाच्या मॅचबद्दलही इथे लिहायला हवं, पण लिहिण्यासारखं फार नाही. सेमीफायनलमध्ये व्हीनस विल्यम्स आणि राजीव राम यांच्याविरुद्ध पहिला सेट ६-२ जिंकून हरले, आणि ब्राँझच्या मॅचला ह्राडेत्स्का-स्टेपानेक समोर पहिला सेट १-६ गेला तेव्हाच कळलं होतं. दुसऱ्यात थोडा जीव धरला, ५-७. काही मॅचेस खरंच आदल्या दिवशी संपलेल्या असतात. अटलांटाचं ब्राँझ अजूनही आपलं टेनिसमधलं एकुलतं एक मेडल आहे.)

त्याच रिओत नदाल आणि निशिकोरी यांची ब्राँझ मॅच झाली. निशिकोरी ६-२, ५-२ पुढे. संपल्यात जमा. नदालनं तो सेट टायब्रेकवर काढला. मग निशिकोरी जो टॉयलेट ब्रेकला गेला तो लवकर येईचना. नदाल अंपायरकडे जाऊन कुरकुरला. निशिकोरी आला आणि तिसरा सेट ६-३ घेऊन गेला. १९२०च्या अँटवर्पनंतर जपानला टेनिसमध्ये मिळालेलं पहिलं मेडल, ९६ वर्षांनी. ९६ वर्षं वाट पाहिलेल्या देशानं दहा-बारा मिनिटांचं काय घेऊन बसायचं.

३.

आता नोव्हाक जोकोविच. ऑलिम्पिकमधल्या या मॅचशी त्याच्याइतका संबंध दुसऱ्या कुठल्या मोठ्या खेळाडूचा आलेला नाही. २००८मध्ये बीजिंगला सेमीफायनल नदालकडून हरला आणि जेम्स ब्लेकला हरवून ब्राँझ घेतलं. २०१२मध्ये लंडनला मरेकडून हरला आणि ब्राँझच्या मॅचमध्ये डेल पोट्रोकडून ५-७, ४-६. (हा डेल पोट्रो दोनच दिवस आधी फेडररशी ४ तास २६ मिनिटं खेळून शेवटचा सेट १७-१९ हरला होता. तरी आला आणि फोरहँड मारत सुटला.) २०१६मध्ये पहिल्याच फेरीत पुन्हा डेल पोट्रो, आणि कोर्टावरून रडत बाहेर. मग २०२१, टोकियो.

टोकियोची ती ब्राँझ मॅच ‘जोकोविचनं रॅकेट फोडली ती’ म्हणून ओळखली जाते. क्लिप तुमच्याही फोनवर आली असेल. एक रॅकेट रिकाम्या स्टँडमध्ये भिरकावली, दुसरी नेटच्या खांबावर आपटून तिचे तुकडे केले. क्लिपचा तोटा हा की तिला आदला दिवस नसतो. आदल्या दिवशी तो झ्वेरेव्हविरुद्ध पहिला सेट ६-१ जिंकून दुसऱ्यात ब्रेकनं पुढे होता. त्या वर्षी त्यानं ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन तिन्ही जिंकलेलं; गोल्ड आणि यूएस ओपन एवढंच राहिलेलं. तिथून त्यानं सलग आठ गेम्स गमावले. १-६, ६-३, ६-१ झ्वेरेव्ह. त्याच दिवशी मिश्र दुहेरीची सेमीफायनलही हरला. आणि दुसऱ्या दिवशी टोकियोच्या उकाड्यात ब्राँझसाठी समोर पाब्लो कारेन्यो बुस्टा.

योगायोग बघा. २०२०च्या यूएस ओपनमध्ये, तेही असंच रिकामं स्टेडियम, जोकोविचनं चिडून मागे मारलेला बॉल लाइन जजच्या गळ्याला लागला आणि त्याला बाद केलं, तेव्हाही नेटच्या पलीकडे हाच कारेन्यो बुस्टा होता. शांत, नीटनेटका, कुणाच्या पोस्टरवर नसलेला खेळाडू. जोकोविचची दोन सर्वांत वाईट दृश्यं आणि दोन्हींत समोर तोच उभा, काहीही न करता.

‘काहीही न करता’ हे मात्र टोकियोबद्दल खोटं आहे, आणि क्लिपनं नेमका हाच अन्याय केला. ६-४, ६-७, ६-३. दुसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये कारेन्यो बुस्टाकडे मॅच पॉइंट होता, तो गेला, सेटही गेला. जगातला नंबर एकचा खेळाडू, जो असे सेट जिंकल्यावर समोरच्याला कधीच परत येऊ देत नाही, तो आता तिसऱ्यात नेहमीसारखा चढत जाणार, असं जवळपास सगळ्यांनी धरलं असेल. कारेन्यो बुस्टानं लगेच ब्रेक मिळवला. जिंकल्यावर तो कोर्टावर आडवा पडून रडला. रॅकेटची क्लिप लाखोंनी पाहिली. त्या रडण्याची कुणी पाठवली का तुम्हाला?

माझं रॅकेटबद्दल फारसं म्हणणं नाही. रिकाम्या स्टँडमध्ये कुणाला लागली नाही. लागली असती तर मी वेगळं लिहिलं असतं. मला खटकली ती पुढची गोष्ट. त्याच दिवशी मिश्र दुहेरीचीही ब्राँझ मॅच होती, जोकोविच आणि निना स्टोयानोविच विरुद्ध ऑस्ट्रेलियाचे बार्टी आणि पीअर्स. जोकोविचनं खांद्याच्या दुखापतीचं कारण देऊन माघार घेतली. ऑस्ट्रेलियाला न खेळता ब्राँझ मिळालं आणि स्टोयानोविचला मेडलसाठी खेळायलाही मिळालं नाही. जोकोविचनं तिच्याबद्दल वाईट वाटत असल्याचं सांगितलं. खांदा दुखत असेलही, त्या आठवड्यात तो किती खेळला हे सगळ्यांना दिसत होतं. पण ज्याच्या कपाटात तेव्हा वीस ग्रँड स्लॅम होते, त्याच्यासाठी ती एक जादाची मॅच होती; तिच्यासाठी बहुधा आयुष्यातली. हरल्यानंतर खेळायला येणं ही एकट्याची गोष्ट असते तोवर तिला मोठेपणा वगैरे म्हणता येतं. दुहेरीत ती दुसऱ्या कुणाचीतरी उधारी असते. त्याच्या चाहत्यांनी रॅकेटची बाजू घ्यायला पानंच्या पानं लिहिली. स्टोयानोविचचं नाव त्यात शोधावं लागतं.

आणि तरीही, पॅरिस २०२४ची फायनल मला जी कळली ती या सगळ्यामुळे कळली. ३७ वर्षांचा, दोन महिन्यांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालेला, तीन आठवड्यांपूर्वी विम्बल्डनच्या फायनलमध्ये याच अल्काराझकडून ६-२, ६-२, ७-६ असा हरलेला माणूस. तीन ऑलिम्पिक सेमीफायनल हरून चौथी जिंकलेला. ७-६, ७-६. पूर्ण मॅचमध्ये एकही ब्रेक नाही. अल्काराझला आठ ब्रेक पॉइंट्स मिळाले, जोकोविचला सहा, चौदाच्या चौदा वाचवले गेले. नुसता पहिला सेट ९४ मिनिटांचा.

कॉमेंट्रीत ‘अपुरं राहिलेलं एकमेव स्वप्न’ इतक्यांदा आलं की मी शेवटी आवाज बंद केला. बिनआवाजाची ती फायनल फार वेगळी दिसते. अल्काराझ २१ वर्षांचा, तो फायनल जिंकायला खेळत होता; ड्रॉप शॉट, मग लॉब, मग काहीतरी अशक्य, प्रेक्षकांना दाखवत. जोकोविच तसा खेळत नव्हता. तो प्रत्येक ब्रेक पॉइंटला असा उभा राहायचा जणू हा गेला तर उद्या सकाळी पुन्हा ब्राँझसाठी यावं लागेल. यायला लागणार नव्हतंच, फायनल हरला तर सिल्व्हर असतं. पण त्याच्या पायांना ते माहीत नसावं. अल्काराझनं हरल्यानंतरची मॅच कधी खेळलेलीच नव्हती. दोन टायब्रेक, ७-३ आणि ७-२. एवढाच फरक होता, आणि तो फोरहँडचा नव्हता. जिंकल्यावर जोकोविच मुलीला मिठी मारून हुंदके देत होता, आणि थोड्या वेळानं मुलाखत देताना अल्काराझही रडला.

४.

त्याच पॅरिसमध्ये इगा स्वियाटेक सेमीफायनल हरली. रोलँ गॅरोसच्या कोर्टवर, जिथे ती चार वेळा चॅम्पियन आणि सलग २५ मॅचेस जिंकलेली. चीनच्या झेंग चिनवेननं तिला ६-२, ७-५ हरवलं आणि पुढे गोल्डही जिंकलं. दुसऱ्याच दिवशी स्वियाटेक ब्राँझसाठी आली आणि स्लोव्हाकियाच्या आना कॅरोलिना श्मिडलोव्हाला ६-२, ६-१ असं ५९ मिनिटांत संपवून गेली. पोलंडचं टेनिसमधलं पहिलं मेडल. मॅच म्हणून अगदी सपाट होती; एका तासात एकही रॅली लक्षात राहिली नाही. स्वियाटेक रागानं खेळत नव्हती, आनंदानंही नाही. घर आवरून कुलूप लावणाऱ्या माणसासारखी खेळत होती.

श्मिडलोव्हा मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. पहिल्या पन्नासातही नसलेली खेळाडू ऑलिम्पिकच्या सेमीफायनलपर्यंत आली, तिथे व्हेकिचविरुद्ध दुसरा सेट ०-६ गमावला, आणि दुसऱ्या दिवशी मातीवरच्या जगातल्या सर्वोत्तम खेळाडूसमोर तिला उभं केलं गेलं, आणि तीही दुखावलेली, म्हणजे आणखीच धोकादायक. जुना नियम असता तर दोघींना ब्राँझ मिळालं असतं आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. मी या मॅचचा एवढा कैवार घेतो, पण त्या ५९ मिनिटांत मला जुना नियम बरा वाटला.

पुरुषांची ब्राँझ मॅच होती ३ ऑगस्टला, अटलांटानंतर बरोबर २८ वर्षांनी. इटलीचा लोरेन्झो मुसेट्टी आणि कॅनडाचा फेलिक्स ऑजे-अलियासिम. इटलीला टेनिसमध्ये यापूर्वी एकच मेडल मिळालं होतं, १९२४मध्ये, तेही पॅरिसलाच, तेही ब्राँझच्या मॅचमध्ये: उबेर्तो दे मोर्पुर्गोनं फ्रान्सच्या जाँ बोरोत्राला त्याच्या घरच्या लोकांसमोर पाच सेट्समध्ये हरवलं होतं. मुसेट्टीचा एकहाती बॅकहँड बघताना शंभर वर्षं मागे गेल्यासारखं वाटतं, ते अगदीच उगाच नाही.

ऑजे-अलियासिमचं गणित जरा विचित्र होतं. आदल्या दिवशी सेमीफायनलमध्ये अल्काराझनं त्याला ६-१, ६-१ असं उडवलं. त्याच दिवशी काही तासांनी तो गॅब्रिएला डाब्रोव्स्कीबरोबर मिश्र दुहेरीच्या ब्राँझसाठी उतरला, आणि जिंकला. म्हणजे एका दिवसात एक फजिती आणि एक मेडल. एकेरीच्या ब्राँझला तो आला तेव्हा रिकाम्या हातानं घरी जायची भीती त्याला नव्हती. पहिला सेट मुसेट्टीनं ६-४ घेतला. दुसरा ऑजे-अलियासिमनं ६-१ जिंकला, काल ज्या आकड्यानं मार खाल्ला होता त्याच आकड्यानं. तिसरा ६-३ मुसेट्टीचा.